जुळवून घेणं कोणाच्या वाट्याला? झुंपा लाहिरींच्या दोन कथा

आज आपल्यासमोर दोन कथा आहेत, पण त्यांच्याकडे जाण्याआधी एका शब्दाकडे पाहू: ‘जुळवून घेणं’. मराठीत हा शब्द दोन माणसांना हमखास ऐकवला जातो. एक म्हणजे सासरी निघालेली मुलगी आणि दुसरा म्हणजे परदेशी निघालेला कोणीही. सुरुवातीला जड जाईल, मग होते सवय, असं आपण दोघांनाही सांगतो. या सांगण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जुळवून घेणं हे मनावर आहे. ज्याचं मन लवचीक, त्याला ते जमतं. आमचं म्हणणं असं की या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या तर हे गृहीतक टिकत नाही.

परदेशी गेलेल्यांची गोष्ट मराठीत आपण बऱ्याचदा मागे राहिलेल्यांच्या बाजूने ऐकली आहे. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ घ्या. तिथे आपण म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात असतो आणि अमेरिकेतला मुलगा दूर कुठेतरी असतो. हे दुःख खरंच आहे. पण तो मुलगा तिकडे पहिल्या मंगळवारी सकाळी काय खातो, भाडं कुणाच्या हातात देतो, हे आपल्याला त्या घरातून दिसत नाही. लाहिरी ते दाखवतात, म्हणून आज त्यांना घेतलं आहे.

दोन्ही कथा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ च्या संग्रहातल्या आहेत. संग्रहात नऊ कथा आहेत आणि त्याला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. शेवटची कथा आहे ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेन्ट’. तिचा निवेदक भारतातून १९६४ मध्ये बोटीने लंडनला जातो. तिथे बंगाली ब्रह्मचाऱ्यांच्या घरात अंड्याची करी खाऊन दिवस काढतो आणि १९६९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिजला येतो. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्याला विमानातच कळते. एवढी मोठी घटना, पण त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत: झोपायचं कुठे, आणि खायचं काय?

तो दुधाचा डबा आणि कॉर्नफ्लेक्सचं खोकं विकत घेतो. अमेरिकेतलं त्याचं पहिलं जेवण ते. पुढे कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. मग त्याला एक खोली मिळते, भाडं आठवड्याला आठ डॉलर. घरमालकीण मिसेस क्रॉफ्ट, वय एकशे तीन. ती रोज त्याला शेजारी बसवते, चंद्रावर अमेरिकेचा झेंडा लागल्याचं सांगते आणि याने मोठ्या आवाजात वाहवा करावी असा हट्ट धरते. भाडं पियानोवर ठेवायचं असं ठरलेलं असतं. पण म्हातारीला उठायला त्रास होईल म्हणून हा पाकीट तिच्या हातात देतो. तिला ते फार लागून राहतं, चांगल्या अर्थाने. नव्या देशात त्याने केलेली ही पहिली गोष्ट, जी कुणीतरी नीट स्वीकारली.

आता दुसरी कथा, ‘मिसेस सेन्स’. मिस्टर सेन विद्यापीठात गणित शिकवतात. मिसेस सेन घरी असतात आणि एलियट नावाच्या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला शाळा सुटल्यावर सांभाळतात. कथा आपल्याला त्या मुलाच्या नजरेतून दिसते. बाई जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून भाजी चिरतात. त्यांचं हत्यार म्हणजे आपली विळीच, बंगालीत तिला बोंटी म्हणतात. ती त्यांनी भारतातून आणली आहे. लग्नघरी गल्लीतल्या बायका आपापली विळी घेऊन रात्रभर गप्पा मारत ढिगाने भाजी चिरायच्या, हे त्या एलियटला सांगतात. इथे शांतता इतकी की आपण ओरडलो तर कुणी येईल का, असं त्या पोराला विचारतात. तो खांदे उडवून ‘कदाचित’ म्हणतो.

त्यांना काय हवं असतं? ताजी मासळी. समुद्रकाठच्या दुकानदाराचा फोन येतो की मासा राखून ठेवलाय. पण दुकान लांब, आणि मिसेस सेनना गाडी चालवता येत नाही. शिकताहेत, पण मोठ्या रस्त्याला लागायची भीती जात नाही. नवऱ्याला दर वेळी वेळ नाही. मग एकदा त्या एलियटला घेऊन बसने जातात. येताना पिशवीतल्या माशाचा वास येतो म्हणून एक म्हातारी ड्रायव्हरकडे तक्रार करते. ड्रायव्हर आधी विचारतो, इंग्रजी येतं का, आणि मग एलियटला खिडकी उघडायला सांगतो. बस. आरडाओरडा नाही, अपमानाचं भाषण नाही. पण त्यानंतर त्या गाडीच घेऊन निघतात, खांबाला धडकतात, आणि एलियटचं तिथे येणं थांबतं.

वरवर वाचलं तर एकाला जमलं आणि एकीला जमलं नाही. तो समंजस, ती हळवी. आम्हाला हे वाचन चुकीचं वाटतं, आणि कारणं कथेतच आहेत. निवेदक विमानात बसण्याआधीच त्याच्या हातात विद्यापीठाच्या ग्रंथालयातली नोकरी असते, ग्रीन कार्ड असतं. रोज जायला एक जागा असते, जिथे त्याचं काम लागतं. त्याने भूक कॉर्नफ्लेक्सपुरती कमी केली हे खरं. पण ती कमी करता आली, कारण दिवसातले आठ तास त्याला ओळख देणारं दुसरं काहीतरी होतं. मिसेस सेनची ओळख स्वयंपाकघरातच होती. त्यांनी मासा सोडायचा म्हणजे नाश्ता बदलायचा नव्हे, आपण कोण हेच सोडायचं. शिवाय त्यांनी प्रयत्न केला नाही असंही नाही. त्या शिकवणीला बसल्या, बसने गेल्या. त्यांचं पाकीट घ्यायला पलीकडे हात नव्हता, एवढंच.

आता पहिल्या कथेवर आमचा एक आक्षेप. निवेदकाची बायको माला मागाहून येते. लग्न ठरवून झालेलं, ओळख जवळपास नाही. पहिल्या सकाळी ती उरलेलं जेवण गरम करून ठेवते, तो म्हणतो कॉर्नफ्लेक्स चालतील. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येतो तर तिने वाडग्यात कॉर्नफ्लेक्स ओतून ठेवलेले. फार सुंदर जागा आहे ही. सासर आणि परदेश, दोन्हीशी एकदम जुळवून घेणारी बाई एका वाडग्यात दिसते. पण पुढे काय? तो तिला मिसेस क्रॉफ्टकडे नेतो, म्हातारी तिला नखशिखान्त न्याहाळते आणि पसंतीची पावती देते. त्या क्षणी नवराबायकोतलं अंतर कमी होतं. म्हणजे पुन्हा पाहण्याचा कार्यक्रमच झाला की! फक्त पाहणारी अमेरिकन. निवेदकाने काय किती सेंटना घेतलं ते आपल्याला कळतं. मालाने हे शहर कसं शिकून घेतलं, ते शेवटी चार ओळींत उरकलं जातं: ती आता डोक्यावर पदर घेत नाही, आईवडिलांसाठी रडत नाही. दोन्ही गोष्टी तिने सोडलेल्या. मिळवलेलं काय, ते निवेदकाला दिसलेलं नाही.

म्हणून आम्ही सुचवतो की ‘मिसेस सेन्स’ ही मालाची न लिहिलेली गोष्ट म्हणून वाचावी. संग्रहात ती आधी येते. ती वाचून शेवटच्या कथेकडे आलं की निवेदकाचा शांत सूर ऐकताना आपण विचारतो, माला दुपारी काय करत असेल?

हा प्रश्न १९६९ मध्येच संपला असं नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशांच्या कोट्याची जुनी पद्धत रद्द केली आणि शिकलेल्या भारतीयांची वाट मोकळी झाली. नंतरच्या काळात पुण्या-मुंबईतून एच-१बी व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना एच-४ व्हिसा मिळत राहिला. त्यावर नोकरी करता येत नसे. २०१५ पासून काही जणांना परवानगी मिळू लागली, तीही जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलेलं असेल तरच. इंजिनियर झालेली मुलगी उपनगरातल्या घरात बसून आहे, गाडी नवरा घेऊन गेलाय, आणि इकडून फोनवर आपण सांगतो, जरा जुळवून घे, बाहेर पड, मैत्रिणी कर. बाहेर पडायचं कशाने, हे आपण विचारत नाही.

चांगली कथा उपदेश करत नाही, पण कुठे पाहायचं ते शिकवते. लाहिरी आपल्याला मन सोडून वस्तूंकडे पाहायला लावतात: आठ डॉलरचं पाकीट, विळी, बसची खिडकी. कुणी तिकडे रमलं नाही असं यापुढे कानावर आलं, तर स्वभावाची चर्चा करण्याआधी एवढं विचारू या: तिथे बस आहे का, पगार कुणाच्या नावावर येतो, आणि तिने काही दिलं तर घेणारं कुणी आहे का?

आज इथे थांबतो. दोन्ही कथा मिळून तासाभरात वाचून होतात. जमलं तर सांगितलेल्या क्रमाने वाचा.