‘एकुशे’ : नावाचे सातत्य आणि प्रक्षेपणाचा खंड

ढाक्याच्या ‘एकुशे टेलिव्हिजन’ या खाजगी बंगाली वाहिनीचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एका पक्षाच्या मते तो एका स्वतंत्र आवाजाच्या गळचेपीचा इतिहास आहे; दुसऱ्या पक्षाच्या मते एका सदोष परवान्याचा न्यायालयाने केलेला निकाल, एवढाच त्याचा अर्थ आहे. दोन्ही पक्ष परस्परविरोधी असले तरी त्यांची दृष्टी एकाच ठिकाणी खिळलेली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे मालकी. ही वाहिनी कोणाशी बोलत होती आणि कोणत्या भाषेत बोलत होती, हा प्रश्न दोघांनीही दुय्यम मानला आहे. वस्तुतः ज्या वाहिनीने आपले नावच भाषेच्या लढ्यातून घेतले, तिच्या बाबतीत हाच प्रश्न मूलभूत ठरावयास हवा.

प्रथम त्या नावाचाच विचार करू. बंगालीत ‘एकुश’ म्हणजे एकवीस. ‘एकुशे’ हे त्याचे तारीखवाचक रूप होय. महिन्याच्या पहिल्या चार दिवसांना बंगालीत पयला, दोसरा, तेसरा, चौठा अशी रूपे आहेत. पाचपासून अठरापर्यंत ‘इ’ हा प्रत्यय लागतो आणि एकोणिसापासून पुढे ‘ए’. मराठीत हेच काम ‘तारीख’ हा शब्द जोडून करावे लागते. म्हणजे ‘एकुशे’ हे व्याकरणदृष्ट्या केवळ दिनांक सांगणारे रूप आहे. महिन्याचे नाव जोडल्यावाचून ते अपुरेच राहावे. परंतु २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीला राज्यभाषेचा दर्जा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्यानंतर या रूपाला महिन्याची गरज उरली नाही. ते नाम बनले. १९७६ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्काराचे नाव ‘एकुशे पदक’ आहे. युनेस्कोने नोव्हेंबर १९९९ मध्ये याच दिवसाला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून मान्यता दिली. वाहिनीला परवाना मिळाला तोही १९९९ मध्येच. तेव्हा या नावाचा स्वीकार म्हणजे साऱ्या भाषिक समाजाच्या वतीने बोलण्याचा दावा होता, आणि वाहिनीचे मूल्यमापन याच दाव्याच्या कसोटीवर झाले पाहिजे.

हा दावा ज्या पार्श्वभूमीवर पुढे आला तीही लक्षात घेणे अवश्य आहे. ढाक्यातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ २५ डिसेंबर १९६४ रोजी, पाकिस्तानच्या काळात झाला. बांगलादेशच्या निर्मितीनंतर ती ‘बांगलादेश टेलिव्हिजन’ झाली. परंतु राज्यकर्ते बदलले तरी शासनाची वाणी हे तिचे स्वरूप बदलले नाही. १९९० मध्ये एर्शाद यांच्या राजवटीविरुद्ध एकत्र आलेल्या तीन आघाड्यांच्या संयुक्त रूपरेषेत शासकीय प्रसारमाध्यमांना स्वायत्तता देण्याची मागणी होती. ती पूर्ण झाली नाही. स्वायत्ततेऐवजी आले ते खाजगीकरण. १९९७ मध्ये ‘एटीएन बांगला’ आणि १९९९ मध्ये ‘चॅनेल आय’ या उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या. सार्वजनिक संस्था स्वतंत्र करण्याच्या मागणीला खाजगी संस्थांना परवाने देऊन मिळालेले हे उत्तर मूळ प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे पुढील घटनांनी सिद्ध केले.

‘एकुशे’चे वेगळेपण तिच्या प्रक्षेपणाच्या पद्धतीत होते. १४ एप्रिल २००० रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी तिचे प्रक्षेपण सुरू झाले, ते भूपृष्ठावरील मनोऱ्यांवरून. देशातील अशा प्रकारची ही पहिली खाजगी वाहिनी होय. उपग्रह वाहिनी पाहावयाची तर तबकडी किंवा केबलची जोडणी आणि तिचे मासिक शुल्क आले. भूपृष्ठीय वाहिनीस घरावरची साधी अँटेना पुरते. म्हणून जिथे केवळ शासकीय वाहिनीच दिसत असे, अशा ग्रामीण घरांतही बातमीचा दुसरा पाठ प्रथमच पोहोचला. ए. एस. महमूद हे या संस्थेचे संस्थापक. मार्च १९७१ मधील ढाक्याच्या हत्याकांडाचे वृत्त जगापुढे आणणारे ब्रिटिश पत्रकार सायमन ड्रिंग यांनी तिच्या वृत्तविभागाच्या उभारणीत प्रमुख वाटा उचलला.

बातमीच्या भाषेत जो पालट झाला तो वाक्यरचनेच्या अंगाने पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. शासकीय वार्तापत्राचे पहिले वाक्य बहुधा एखाद्या पदाधिकाऱ्याला कर्ता करून येई आणि त्याचे क्रियापद आदरार्थी ‘एन’ या प्रत्ययाने संपे : अमुक मंत्री ‘बोलेछेन’, म्हणजे ‘म्हणाले आहेत’. घटना ही त्या उक्तीचे कर्म म्हणूनच वाक्यात प्रवेश करी. ‘एकुशे’ने घटनेला कर्तृपद दिले, बातमीदार घटनास्थळी उभा राहिला आणि साक्षीदार स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. ‘मुक्त खबर’ या कार्यक्रमात तर मुलेच बातम्या देऊ लागली. व्याकरणातील हा अधिकारबदल किरकोळ नव्हे. कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलले जाते, ही विभागणीच त्यामुळे हलली.

तथापि या कामगिरीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. निवेदकाची भाषा प्रमित, म्हणजे प्रमाण बंगालीच राहिली. या प्रमाणभाषेचे मूळ नदिया व कलकत्ता परिसरातील बोलीत आहे. फाळणीनंतर तो परिसर सीमेपलीकडे राहिला. चट्टग्राम, सिलहट किंवा नोआखालीच्या माणसाला आपली बोली पडद्यावर ऐकू आली ती मुख्यतः साक्षीदाराच्या मुखातून, निवेदकाच्या नव्हे. बोलीला साक्ष देण्याचा अधिकार मिळाला, निवेदनाचा मिळाला नाही. बावन्नच्या लढ्याचे नाव धारण करणाऱ्या संस्थेकडून ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये सत्तांतर झाले. परवान्याविरुद्धच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने मार्च २००२ मध्ये तो अवैध ठरविला. अपील विभागाने तो निर्णय कायम केला आणि २९ ऑगस्ट २००२ रोजी प्रक्षेपण थांबले. ड्रिंग यांनाही त्याच वर्षी देश सोडावा लागला. परवाना देण्याच्या प्रक्रियेतील दोष काल्पनिक होते असे म्हणता येत नाही, आणि वाहिनीच्या कैवाऱ्यांनी ही बाब झाकणे योग्य नव्हे. परंतु दोष होता निवडीच्या प्रक्रियेत, आणि नाहीशी झाली ती एक सार्वजनिक सोय. नव्याने निर्दोष निवड करून ती सोय राखता आली असती. त्यानंतर कोणत्याही खाजगी वाहिनीस भूपृष्ठीय प्रक्षेपण लाभले नाही, ही वस्तुस्थिती निकालाच्या समर्थकांनी विचारात घ्यावयास हवी.

२००७ मध्ये ‘एकुशे’ परतली, असे इतिहासकार लिहितात. येथेच नाव दिशाभूल करते. परतली ती उपग्रह वाहिनी. नाव तेच राहिले, प्रेक्षकवर्ग मात्र आता जोडणीचे मोल देऊ शकणाऱ्यांचा झाला. दरम्यान तिच्या वृत्तविभागात तयार झालेले पत्रकार इतर वाहिन्यांत गेले आणि तिने रुजविलेली वृत्तभाषा सर्वांची झाली. अर्थात शैली टिकली, पोहोच गेली. यशोगाथा लिहिणारे पहिल्या गोष्टीचा गौरव करतात आणि दुसरीचा उल्लेख टाळतात.

पुढील घटनाही मालकीच्या प्रश्नाची मर्यादा दाखवितात. जानेवारी २०१५ मध्ये विरोधी पक्षनेते तारिक रहमान यांचे लंडनमधील भाषण प्रक्षेपित झाल्यानंतर वाहिनीचे अध्यक्ष अब्दुस सलाम यांना अटक झाली. त्याच वर्षी वाहिनीचे नियंत्रण एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले, आणि ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर ते सलाम यांच्याकडे परत आले. भांडवल खाजगी असले तरी त्याचे भवितव्य सत्तेच्या पालटाबरोबर फिरत राहिले. १९९० च्या मागणीतील ‘स्वायत्त’ हा शब्द ‘खाजगी’ या शब्दाने भरून निघत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

फेब्रुवारी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील बंगालीच्या ‘विकृती’ला प्रतिबंध करणारा आदेश दिला आणि प्राध्यापक अनिसुज्जमान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००२ मध्ये कोणी बोलावे हे न्यायालयात ठरले. दहा वर्षांनी कसे बोलावे हेही तेथेच ठरू लागले. उच्चाराच्या शुद्धीची ही चिंता फेब्रुवारी महिन्यातच व्यक्त व्हावी, हे अर्थपूर्ण आहे. बावन्नचा लढा भाषेच्या शुद्धीसाठी नव्हता, बोलणाऱ्यांच्या हक्कासाठी होता.

‘एकुशे’च्या इतिहासाचे कालखंड मालकांच्या नावांनी पाडण्याची पद्धत म्हणून अपुरी आहे. २००२ पर्यंतची आणि २००७ नंतरची, असे दोनच खंड मानणे अधिक युक्त होय. पहिल्या खंडात एका भाषेचा समाज, कमाईचा भेद न करता, एकच बातमी एकाच वेळी ऐकू शकत होता. ती शक्यता दोन वर्षे आणि साडेचार महिने टिकली. तिचे मोजमाप होत नाही तोवर या वाहिनीविषयीचे लेखन नावाचाच इतिहास राहील.