सातवा क्रमांक कुठे गेला? सायलॉनांचा उगम आणि चाहत्यांचे तर्क

आधीच सांगून ठेवते, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ तुम्ही पाहिली नसेल तर पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत. मी बोलतेय ती रोनाल्ड मूर यांनी नव्याने घडवलेली मालिका, म्हणजे २००३ची लघुमालिका आणि मग २००९पर्यंत चाललेले चार सीझन. १९७८च्या मूळ मालिकेत सायलॉन हे सरळसरळ धातूचे सैनिक होते. नव्या मालिकेत ते माणसासारखे दिसतात, आजारी पडतात, प्रेमात पडतात. काहींना तर आपण सायलॉन आहोत हेच माहीत नसतं. मानवासारखी एकूण बारा मॉडेल्स आहेत, हे लघुमालिकेच्या शेवटीच कळतं.

मग प्रश्न येतोच. माणसांनी बनवले होते ते लोखंडी यंत्रमानव. मग ही हाडामांसाची माणसं कुणी बनवली? यंत्रांनी स्वतःच? की मधे आणखी कुणी होतं? चाहत्यांनी वर्षानुवर्षं यावर तर्क लढवले. रिसर्चची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी हे तर्क म्हणजे फुकटची प्रयोगशाळा आहे. गृहीतक कसं बांधतात, कसं मोडतं आणि मोडायचं नसेल तर त्याला ठिगळं कशी लावतात, हे सगळं इथे उघड्यावर दिसतं.

एलेन: पुरावा कमी, पण खरा

मार्च २००७मध्ये ‘अंतिम पाच’पैकी चौघं उघड झाले: सॉल टाय, टायरल, अँडर्स आणि टोरी. पाचवं कोण, हे कळायला जानेवारी २००९ उजाडलं. या मधल्या काळात जवळपास प्रत्येक पात्रावर संशय घेऊन झाला. पण एलेन टायवर बोट ठेवणाऱ्यांकडे एक ठोस गोष्ट होती. पहिल्या सीझनमध्ये बाल्टर तिची सायलॉन-चाचणी करतो, ती पास झाल्याचं जाहीर करतो आणि खरा निकाल काय होता ते सांगायचं मात्र टाळतो. त्याआधी शॅरनच्या चाचणीबाबत तो खोटं बोललेला आहे, हे आपण पाहिलेलं असतं. म्हणजे उपकरण ठीक असेलही, पण नोंद करणारा माणूस भरवशाचा नाही.

एलेनचं नाव खरं ठरलं. पण म्हणून तर्क करणाऱ्यांना पैकीच्या पैकी द्यायचे का? माझ्या मते नाही. तो प्रसंग लिहिला गेला तेव्हा अंतिम पाच कोण हे ठरलेलंच नव्हतं. ते ठरलं तिसऱ्या सीझनच्या दरम्यान. उत्तर बरोबर आलं, पण ज्या पुराव्यावरून आलं तो पुरावा त्या उत्तरासाठी पेरलेला नव्हता. तरीही हा तर्क चांगला आहे असं मी म्हणते, कारण तो खोडून काढता आला असता. बाल्टरने पुढे कधी निकाल सांगितला असता तर विषय संपला असता. कार्ल पॉपर गृहीतकाकडून नेमकं हेच मागतो: तू चूक ठरशील अशी परिस्थिती आधी सांग.

निकी: नियम वाचवण्यासाठी लावलेलं ठिगळ

आता लेखकांची बाजू. सायलॉन आणि माणूस यांचं पहिलं आणि एकमेव मूल म्हणजे हीरा, या एका नियमावर दुसऱ्या सीझनपासूनचं निम्मं कथानक उभं आहे. पण टायरल सायलॉन निघाला आणि पंचाईत झाली. त्याला आणि कॅलीला एक मुलगा आहे, निकी. मग हीरा एकमेव कशी?

चौथ्या सीझनमध्ये उत्तर आलं: निकी टायरलचा मुलगाच नाही. तोपर्यंत कॅली मेलेली आहे. तिला यावर एक शब्द बोलायची सोय नाही.

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात याला तदर्थ गृहीतक म्हणतात. त्याने अडचण सुटते, पण नवीन काहीच कळत नाही. तुमच्या डेटातला एक बिंदू रेषेवर बसत नाही, म्हणून ‘त्या दिवशी सॅम्पलच खराब होतं’ असं लिहून मोकळं व्हायचं, तसलाच हा प्रकार. गाईडने ‘हे कशावरून?’ विचारलं की संपलं. इथे तर किंमत एका पात्राने मोजली. कॅलीचा संसार मालिकेने मोठ्या कष्टाने उभा केला होता, आणि हिशेब जुळवायला तो शेवटी दोन वाक्यांत निकालात काढला. मालिकेतल्या काही मोजक्या अप्रामाणिक क्षणांपैकी हा एक, असं मला वाटतं.

डॅनियल: सिग्नल की नॉईज?

आणि आता सातवा क्रमांक. आपल्याला माहीत असलेली मॉडेल्स एक ते सहा आणि आठ. शॅरनला आठ हा क्रमांक आधीच देऊन झाला होता. अंतिम पाचांना सात, नऊ, दहा, अकरा, बारा असे आकडे मिळाले असते तर काहीच बिघडत नव्हतं. पण ते पाच वेगळ्याच, जुन्या पिढीचे ठरले आणि सातची जागा रिकामी पडली. फेब्रुवारी २००९च्या ‘नो एक्झिट’ या भागात ती फट बुजवली. सातवा होता डॅनियल, कलावंत आणि हळवा. कॅव्हिलने मत्सरापोटी त्याची अख्खी जात संपवली.

दोनच आठवड्यांनी स्टारबकचा पियानो वाजवणारा, घर सोडून गेलेला बाप पडद्यावर आला. कलावंत डॅनियल, कलावंत बाप! त्यात स्टारबक मरून परत आलेली. चाहत्यांनी दोन आणि दोन चार केले: डॅनियलच तिचा बाप. पुढे मूर यांनी स्पष्ट केलं की असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

तुम्ही प्रयोगशाळेत काम केलं असेल तर हे लगेच ओळखाल. मोजमापात ५० हर्ट्झला एक टोकदार शिखर दिसतं, नवखा विद्यार्थी हरखून जातो आणि सीनियर सांगतो, ‘अरे, तो आपला वीजपुरवठा आहे.’ सातची फट ही तशीच. ती सायलॉनांच्या इतिहासातून आलेली नाही, मालिका लिहिण्याच्या पद्धतीतून आलेली आहे.

पण थांबा. ‘लेखक म्हणाला म्हणून’ हे समीक्षेत पुरेसं कारण नाही. पडद्यावर जे आहे त्यावर वाचकाचा हक्क आहे. गंमत अशी की इथे मूर यांना विचारायची गरजच नव्हती. डॅनियल बाप असेल तर स्टारबक अर्धी सायलॉन, आणि हीराच्या कितीतरी आधी जन्मलेली. मग हीरा पहिली कशी? ज्या नियमासाठी मालिकेने महिन्याभरापूर्वी कॅलीचा बळी दिला, तोच नियम हा तर्क मोडतो. म्हणजे मजकुरातूनच तर्क पडतो. चाहत्यांनी जुळणारे पुरावे गोळा केले, न जुळणारा शोधला नाही.

उत्तर मिळालं, पुढे काय?

‘नो एक्झिट’मध्ये उगमाचं उत्तर मिळतं. अंतिम पाच हे तेराव्या जमातीचे, पृथ्वीवरचे शास्त्रज्ञ. पुनर्जन्माचं तंत्र त्यांनी पुन्हा शोधलं. पृथ्वी जळाल्यावर ते वसाहतींकडे निघाले, पोचले तेव्हा पहिलं युद्ध चालू होतं. लोखंडी सायलॉन स्वतःच हाडामांसाची शरीरं घडवायच्या खटपटीत होते. करार झाला: युद्ध थांबवा, आम्ही तंत्र देतो. त्यातून आठ मॉडेल्स आली.

ही माहिती सांगायची रीत मात्र थकवणारी आहे. डोक्यात गोळी अडकलेला अँडर्स पलंगावर पडून धडाधडा इतिहास सांगतो. प्रबंधाचं पार्श्वभूमीचं प्रकरण कुणी मोठ्याने वाचून दाखवावं तसं वाटतं.

त्याच भागाचा दुसरा धागा मात्र मालिकेतल्या उत्तम लेखनापैकी आहे. कॅव्हिल एलेनसमोर, म्हणजे आपल्या निर्मातीसमोर उभा राहतो आणि तक्रार करतो: ताऱ्याचा स्फोट पाहायला मला हे असले मानवी डोळे का दिलेस, ज्यांना वर्णपटाचा चिमूटभर पट्टाच दिसतो? इथे ‘कुणी बनवलं’ हे कोडं राहत नाही, ते गाऱ्हाणं होतं. आणि दुसऱ्या बाजूला टाय आहे. आपण सायलॉन आहोत हे कळल्यावरही तो आपल्या जागेवर जाऊन ड्युटी करतो. दोघांनाही आपला उगम कळलेला आहे. एकाने त्याचं शस्त्र केलं, दुसऱ्याने तो बाजूला ठेवला. माझ्या मते मालिकेचं खरं उत्तर हे आहे, आणि बाप कोण हे शोधण्याच्या नादात नेमकं तेच नजरेतून सुटतं.

आता एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं मुख्य गृहीतक एका कागदावर लिहा. त्याखाली तीन ओळी लिहा. कोणता पुरावा मिळाला तर मी हे सोडून देईन? मी कुठे ‘निकी’ केलाय का? माझा ‘सातवा’ निसर्गातून आलाय की माझ्याच मोजणीतून? पहिली ओळ कोरी राहिली तर गाईडकडे जाण्याआधी आणखी एक आठवडा घ्या.