प्रतीतीची खूण

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात प्रतिभेविषयी एक अडचणीचे विधान केले आहे: ‘ती ही’ असे म्हणून ती दुसऱ्यास सांगता येत नाही, मात्र ज्याच्या त्याच्या अंतरानुभवाने ती सिद्ध असते. विधान वाक्यार्थाच्या संदर्भातले असले, तरी अकस्मात झालेल्या प्रतीतीची वर्णने तुलनेसाठी घेणाऱ्या अभ्यासकाची पंचाईत त्यात नेमकी आली आहे. ज्याला ती होते त्याला शंका नसते. इतरांनी ती ओळखावी कशी?

सामान्यतः आपण प्रतिमांकडे वळतो. प्रकाश, दूर झालेला पडदा, फुटलेला झरा. हा पुरावा फारसा भरवशाचा नाही. परंपरेने त्या प्रतिमा तयारच ठेवलेल्या असतात. अनुभव नसणाऱ्यालाही त्या वापरता येतात.

रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’तील (१९१२) कोलकात्याच्या सदर स्ट्रीटवरची सकाळ सुपरिचित आहे. झाडांआडून सूर्य वर आला, डोळ्यांवरचे आवरण सरले आणि त्याच दिवशी ‘निर्झरेर स्वप्नभंग’ ही कविता झाली. मला अधिक बोलका वाटतो तो तिथला एक किरकोळ तपशील: खुळचट प्रश्न विचारून पिडणारा एक गृहस्थ आला, आणि एरवी नकोसे वाटणारे त्याचे येणे कवीला आनंदाचे वाटले.

याच्या शेजारी गणिती आंरी प्वांकारे यांचे निवेदन (१९०८) ठेवता येईल. फ्रान्समधील कुतांस येथे ऑम्निबसच्या पायरीवर पाऊल ठेवताच, फुक्सीय फलनांसाठी आपण वापरलेली रूपांतरणे अयुक्लिडीय भूमितीतील रूपांतरणांशी एकरूप आहेत, हे त्यांना उमगले. त्यांनी पडताळणी केली नाही, अर्धे राहिलेले संभाषण पुढे चालू ठेवले. खात्री मात्र पूर्ण होती. सिद्धता नंतर, सवडीने. पण अंथरुणात, अर्धवट झोपेत सुचलेल्या कल्पनांविषयीही अशीच खात्री वाटते, तितकीच तीव्र, आणि ती फसवी ठरते, अशी कबुलीही तेच देतात.

प्वांकारेंपाशी सिद्धतेची कसोटी होती. रवींद्रनाथांपाशी ती नव्हती. त्या गृहस्थाचे स्वागत हीच काय ती पडताळणी, आणि तीही आपल्याला कवीच्या स्मरणातूनच कळते. ही मर्यादा मान्य करूनही त्यांच्या निवेदनावर माझा विश्वास बसतो तो पुढच्या प्रसंगामुळे. हिमालयात हे दर्शन अधिक सखोल होईल या अपेक्षेने ते दार्जिलिंगला गेले. रचून सांगणाऱ्याने तेथेच परमोच्च क्षण योजला असता. रवींद्रनाथ सांगतात, की तेथे ते हरपले.