यंत्राची साथ आणि माणसाचा सूर

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत हळदीच्या मांडवात, ऑर्केस्ट्रात आणि रविवारच्या मिस्सात एक वाद्य हटकून आढळते. त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो, आपण त्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतो. नवे मॉडेल आले की जुने माळ्यावर जाते किंवा विकले जाते. अशी जुनी विद्युत्‌वाद्ये शोधून जमविण्याचा छंद आता जगभर पसरला असून आपल्याकडील काही तरुणांनाही त्याची ओढ लागली आहे. वरवर हा खर्चिक खेळ वाटेल. परंतु त्यातून कलेचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. यंत्राने गैरहजर माणसाची जागा भरावी, की हजर असलेल्या माणसाला साथ द्यावी? या प्रश्नाचा विचार मुंबईच्याच एका कलावंताच्या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

हिंदी चित्रपटसंगीताला विद्युत्‌वाद्ये नवी नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’मधील गाजलेली बीन ही खरी बीन नव्हे, कल्याणजींनी ती क्लाव्हिओलिन या वाद्यावर वाजविली होती. याच सृष्टीत वावरलेले अनुभवी गिटारवादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनीने १९८२ साली प्रसिद्ध केली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर सादर केले: सुरावटीसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जाच्या सुरांसाठी टीबी-३०३. त्या काळी या प्रयोगाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

यातील टीबी-३०३ ची कथा मनोरंजक आहे. सरावाला बास गिटारवादक नसेल तर त्याची उणीव भरून काढावी, हा तिच्या निर्मितीमागचा हेतू. पण तिचा आवाज गिटारसारखा वाटेना, आणि थोड्याच वर्षांत तिचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ती कवडीमोलाने मिळू लागली, तेव्हा अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांनी ती उचलली आणि १९८७ साली ‘फ्युचर’ या समूहाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून नृत्यसंगीताची एक नवी शैली लोकांपुढे आली. आज त्याच यंत्राची किंमत लाखांच्या घरात आहे. २००२ साली एका डच संग्राहकाला चरणजित सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत तोच नाद घुमला होता, हे ऐकून रसिक चकित झाले. सत्तरीतल्या या वादकाला परदेशी रंगमंच लाभले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

संग्राहकांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या रसग्रहणाशी मी सहमत होऊ शकत नाही. ‘सर्वांत आधी कोणी केले’ हा इतिहासाचा प्रश्न आहे, सौंदर्याचा नव्हे. सिंग यांना शिकागोचे भविष्य वर्तवायचे नव्हते. त्यांना राग वाजवायचा होता. तेव्हा त्यांचे मूल्यमापन रागाच्याच कसोटीवर व्हावे.

त्या कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका अंशतःच उतरते. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटेल. मींड ऐकत वाढलेल्या कानाला तीत ओळखीची खूण पटते. भूपाळी, मालकंस, कलावती आणि बैरागी हे पाच सुरांचे राग या अखंड फिरणाऱ्या आवर्तनात आपला चेहरा टिकवून धरतात. तोडीत मात्र यंत्राची मर्यादा उघडी पडते. तोडीचा कोमल गंधार आपल्या जागी किंचित उतरलेला, हेलकावणारा असतो. कळफलकाचे सूर समान अंतरांवर बांधलेले. शिवाय आलापाला येथे उसंतच नाही. तालाचा ठोका पहिल्यापासून अखेरपर्यंत एकाच वेगाने पडत राहतो. तरीही वादकाचा हात पदोपदी जाणवतो. यंत्राने दिलेले तयार संगीत त्यांनी स्वीकारले नाही. त्याला राग शिकविण्याचा यत्न केला. या मुद्रिकेचे मोठेपण माझ्या मते येथे आहे.

याची दुसरी बाजू आपल्या समाजाला अधिक ठाऊक असायला हवी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या ख्रिस्ती संगीतकारांनी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद घडविला. पॅरिशच्या शाळेत स्वरलेखन शिकून आलेल्या कितीतरी व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादकांची घरे त्यावर चालली. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि पन्नास माणसांचे काम एक माणूस करू लागला. जुन्या यंत्राची पूजा बांधणाऱ्याने या मोकळ्या खुर्च्यांचेही स्मरण ठेवावे.

पवित्र संगीताच्या बाबतीत ख्रिस्तसभा सावधपणे वागत आली आहे. १९०३ साली पोप संत दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली. आपल्या आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६३ साली पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेला साजेशी अन्य वाद्येही स्वीकारण्यास मुभा दिली. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने एक अट घातली: वाद्याने गाणाऱ्यांचे आवाज झाकू नयेत. धोका म्हणून विजेत नाही. एक कळ दाबताच ढोल, बास आणि स्वरमेळ आपोआप सुरू करणाऱ्या ‘स्टाइल’च्या बटणात आहे. साथ इतकी परिपूर्ण झाली की भाविक ऐकू लागतो आणि गायचे थांबतो.

संग्राहक तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते. खाडीकाठच्या दमट हवेत पट्ट्यांखालील संपर्क गंजतात, आतली बॅटरी स्रवते; आणि जपानी बाजारासाठी बनविलेले १०० व्होल्टचे वाद्य आपल्या २३० व्होल्टवर लावले तर क्षणात जळते. म्हणून ते पारखून घ्यावे, दुरुस्त करावे, पण कपाटात कुलूपबंद ठेवू नये. चाळीतल्या वा लहानशा सदनिकेतल्या मुलाला कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करण्यासाठी असे जुने वाद्य वरदान ठरते. ते त्याच्या हाती द्यावे, आणि त्याला आधी बटणांविना वाजवायला शिकवावे. चरणजित सिंग यांच्या उदाहरणापासून घेण्यासारखा बोध हाच आहे.