'पुणे मॉडेल' कुणासाठी मॉडेल?

संशोधनाच्या तयारीत असाल तर २००६ चं 'भारनियमनमुक्त पुणे' हे प्रकरण मुळातून वाचाच. सीआयआयची कल्पना अशी: कमाल मागणीच्या तासांत कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि ग्रिडमधून तेवढी वीज कमी घ्यायची. वाचलेली वीज शहराला. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून. राज्य वीज नियामक आयोगाने मान्यता दिली.

उद्योगांच्या बाजूने हिशोब चोख आहे. पडून असलेली यंत्रं कामाला लागली, नवा प्रकल्प उभारावा लागला नाही. माझी अडचण अभ्यासाच्या चौकटीची आहे. यश मोजायचं ते फक्त शहरात का? त्याच जिल्ह्यातलं हिर्डोशी घ्या, नीरा देवघर धरणाजवळचं. तिथे ना जनरेटरवाले कारखाने, ना जादा आकार परवडणारे ग्राहक. मॉडेल तिथे नेताच येत नाही, तरी नाव 'मॉडेल'!

शिवाय महागडं डिझेल जाळण्याआधी मागणीच किती घटवता आली असती? संध्याकाळी लागणारे पिवळे बल्ब बदलले असते तर एक युनिट वाचवायला किती खर्च आला असता? हा आकडा शेजारी मांडल्याशिवाय 'परवडणारी वीज' असं निदान प्रबंधात तरी लिहू नका.