'किल्ला' : एका अबोल्याचा चित्रपट

कोकणातील आई आणि तिचा मुलगा हा मराठी मनाचा फार जुना जिव्हाळ्याचा विषय आहे. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या 'श्यामची आई' या बोलपटाने त्यास पडद्यावर अढळ स्थान मिळवून दिले. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदकही त्यालाच लाभले. वनमालाबाईंनी उभी केलेली ती आई दरिद्री आहे, पण संभ्रमात कधी नसते. योग्य काय नि अयोग्य काय हे तिला ठाऊक असते आणि ते ती मुलास सांगते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१५) पाहताना तिची आम्हांला वारंवार आठवण झाली, ती साम्यामुळे मात्र नव्हे. मुलाला काय सांगावे हेच येथील आईला उमगत नाही, आणि चित्रपटाचे सारे मोल आमच्या मते या न उमगण्यात आहे.

कथानक म्हणावे तर नाममात्र. पतीच्या निधनानंतर सरकारी नोकरीतील अरुणा बदलीमुळे पुणे सोडून अकरा वर्षांच्या चिन्मयसह कोकणातील लहानशा गावी येते. दुःख दोघांचे एकच, परंतु ते वाटून घेण्याची रीत दोघांनाही सापडत नाही. अमृता सुभाष यांनी ही अरुणा अश्रूंपेक्षा आवरण्यातून अधिक दाखवली आहे. अर्चित देवधर या बालनटाचा चिन्मय रुसतो, गप्प होतो, आणि त्याचे गप्प होणे आईला प्रश्नासारखे वाटत राहते.

किल्ल्यातील प्रसंग हा चित्रपटाचा गाभा होय. बंड्या (पार्थ भालेराव) व इतर सवंगड्यांबरोबर चिन्मय सायकलीवरून किल्ल्यावर जातो. पाऊस कोसळतो, मित्र निघून जातात, हा एकटाच मागे उरतो. मित्रांच्या मनात दुष्टावा नाही. पण या मुलाला सोडून वडील गेले, मागोमाग पुणे गेले, आणि आता हेही गेले! दिग्दर्शक यातले एक अक्षरही कोणाच्या तोंडी घालत नाही. पुढे कित्येक दिवस चिन्मय मित्रांशी बोलत नाही, तेव्हा त्याचा राग नेमका कोणावर आहे हे प्रेक्षकाने आपले आपण ओळखायचे.

हा विषय आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील शिक्षकांना परका नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. त्यामुळे येथील कचेऱ्यांत जबलपूर-रीवाकडचे नोकरवर्ग येतात नि जातात, आणि २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तर कचेऱ्याही वाढल्या. त्यांची मुले सत्राच्या मध्येच दाखला घेऊन वर्गात येऊन बसतात. शाळा सोडण्याचे कारण म्हणून दाखल्यावर दोनच शब्द असतात : 'पालकाची बदली'. मूल बोलले नाही की शिक्षक त्याला घुमे म्हणून मोकळे होतात. त्या दोन शब्दांत नि या एका विशेषणात काय काय दडलेले असते, ते 'किल्ला' दीड-दोन तासांत दाखवतो.

चित्रपट संथ आहे ही तक्रार आम्ही ऐकली आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'तील (१९५६) सर्वजया झाडाखाली बसून मुलाच्या गाडीची वाट पाहते, तोही प्रसंग घाई करून दाखवता आला नसता. शिवाय २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात 'किल्ला'स स्फटिक अस्वलाचा पुरस्कार दिला तो मुलांच्याच परीक्षक-मंडळाने. तेव्हा मुले कंटाळतील ही भीती मोठ्यांनी बाळगू नये. उणीव आम्हांला दिसते ती निराळी. छायालेखनही दिग्दर्शकाचेच असल्याने पाऊस नि समुद्र यांचा मोह त्यांना अनेकदा आवरत नाही. दृश्य इतके देखणे होते की दुःख क्षणभर मागे पडते. कचेरीतील अरुणेची कुचंबणाही घाईने उरकली आहे. तिला आणखी जागा मिळती, तर घरी परतणाऱ्या अरुणेचा थकवा अधिक कळता.

शेवट मात्र निःसंशय उत्तम साधला आहे. मित्रांशी पुन्हा गोडी होते न होते तोच दुसऱ्या बदलीचा हुकूम येतो. या खेपेस चिन्मय रुसत नाही. आई-मुलगा पाण्यावरून निघतात, किनारा मागे राहतो, आणि दोघेही अजून फारसे बोलत नाहीत; फक्त आता ते एकाच दिशेला पाहत असतात.