युद्धारंभीचे लोकमत आणि ‘आपण’ हे सर्वनाम

युद्धाच्या आरंभी समाज युद्धाच्या बाजूने उभा राहतो आणि युद्ध लांबत गेले की मागे सरतो, हे विधान आज राज्यशास्त्राच्या वर्गांतून जवळजवळ नियमासारखे सांगितले जाते. त्याचे श्रेय मुख्यतः जॉन म्युलर या अमेरिकन अभ्यासकाकडे जाते. संकटाच्या पहिल्या धक्क्यासरशी लोक राष्ट्राध्यक्षाभोवती गोळा होतात, हे त्यांनी १९७० च्या निबंधात मांडले. आणि १९७३ च्या ग्रंथात कोरिया व व्हिएतनाम या युद्धांविषयीच्या मतपाहण्या एकत्र करून, हताहतांची संख्या वाढत जाते तसा पाठिंबा घटतो, तोही प्रथम झपाट्याने व पुढे मंदगतीने, असे दाखविले. पुढील युद्धांनी या प्रतिपादनास बळकटीच दिली. युद्धात पडणे ही चूक झाली, असे म्हणणारे अमेरिकन गॅलपच्या पाहणीनुसार ऑगस्ट १९५० मध्ये (कोरिया) २० टक्के, ऑगस्ट १९६५ मध्ये (व्हिएतनाम) २४ टक्के, नोव्हेंबर २००१ मध्ये (अफगाणिस्तान) ९ टक्के आणि मार्च २००३ मध्ये (इराक) २३ टक्के होते. चारही युद्धांत हे प्रमाण पुढे कितीतरी वाढले.

आकड्यांविषयी वाद नाही. वाद आहे तो ते आकडे ज्या वाक्याने गोळा केले त्या वाक्याविषयी. कोरिया व व्हिएतनाम यांसंबंधी गॅलपने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा : आपण लढाईत उतरल्यापासून जे घडले ते पाहता, अमेरिकेने सैन्य पाठविण्यात चूक केली असे तुम्हांस वाटते काय? या वाक्यात कर्ते दोन आहेत. मुख्य वाक्यात ‘अमेरिका’ हे विशेषनाम आहे, तर गौण वाक्यात उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे. चूक केली ती अमेरिकेने. परंतु लढाईत उतरलो ते ‘आपण’. म्हणजे मत देण्यापूर्वीच उत्तर देणाऱ्याला युद्धाच्या आत नेऊन उभे केलेले असते. शब्दयोजनेचा परिणाम म्युलर यांना ठाऊक नव्हता असे नाही. प्रश्नात कम्युनिस्टांच्या आक्रमणाचा उल्लेख केला की पाठिंबा वाढलेला दिसतो, हे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. परंतु त्यांचे लक्ष नामांवर होते. सर्वनामाकडे ते गेले नाही. याचे एक कारण त्यांच्या भाषेतच असावे. इंग्रजीला या ठिकाणी एकच सर्वनाम आहे. मराठीला दोन आहेत : श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ व श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’. हा भेद द्राविड भाषांच्या सहवासाने आला असे मानले जाते. तो कोठूनही आलेला असो, हा प्रश्न मराठीत विचारणाऱ्याला दोहोंपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि ती निवड म्हणजे अर्धे उत्तर होय.

युद्धारंभीचे लोकमत हे युद्धाविषयीचे मत असण्यापूर्वी ‘आपण’ या शब्दाच्या मर्यादेविषयीचे मत असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अमेरिकेत ही मर्यादा पहिल्या दिवसापासून निश्चित असल्याने ती दिसत नाही. ती पाहावयाची तर जेथे ती निश्चित नव्हती तेथे जावे लागते. आणि त्यासाठी मुंबई सोडण्याचे कारण नाही. चिंचपोकळी, लालबाग, परळ या गिरणगावाचा १९३९ चा अनुभव पुरेसा आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. हिंदी पुढाऱ्यांना वा विधिमंडळांना त्यांनी विचारले नव्हते. एक महिनाही लोटला नाही तोच, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अद्याप अधिकारावर होते आणि काँग्रेस कार्यकारिणी सरकारकडे युद्धहेतूंचा खुलासा मागत होती. पुढाऱ्यांचे वाक्य प्रश्नार्थक असताना गिरणगावाने नकारार्थी वाक्य उच्चारले. म्युलर यांच्या नियमाच्या हे अगदी उलट आहे : येथे युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, एकाही हताहताची बातमी चाळीत येण्यापूर्वी, विरोध प्रकट झाला.

मात्र ९०,००० हा आकडा मतपाहणीच्या आकड्यासारखा वाचणे धोक्याचे आहे. संपात ‘सांगता येत नाही’ असे उत्तर नसते. संप संघटनेने पुकारलेला असतो. चाळीतील शेजारी, गावकरी व खात्यातील सोबती यांची भीड असते. जो कामावर गेला नाही त्याचे साम्राज्यवादाविषयी काही निश्चित मत होतेच, असे म्हणता येणार नाही. त्या काळात देशभर फिरलेल्या ‘ना एक पै, ना एक भाई’ या घोषणेत क्रियापद नाही आणि सर्वनामही नाही. पैसा देणारा कोण आणि भाऊ कोणाचा, हे ऐकणाऱ्याने भरून घ्यावयाचे. पैशाची बाजू कामगारांनी लवकरच भरून घेतली. युद्धाने महागाई आणली आणि मार्च १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी सुमारे पावणेदोन लाख गिरणी कामगार चाळीस दिवस संपावर राहिले. ऑक्टोबरचा संप युद्धाविरुद्ध होता व मार्चचा युद्धाच्या किमतीविरुद्ध, असा भेद कागदावर करता येतो. चाळीत तो कितपत केला गेला असेल याची शंका आहे.

भावाची बाजू इतकी सरळ भरली गेली नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावला होता. युद्ध येताच ते वेगळे झाले. आंबेडकरांच्या दृष्टीने सैन्यभरती हा अस्पृश्यांच्या हक्काचा प्रश्न होता, आणि नाझी विजय हे स्वातंत्र्याचे साधन होऊ शकत नाही हेही त्यांचे मत स्पष्ट होते. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. रत्नागिरी व सातारा हे जिल्हे गिरण्यांना कामगार पुरवीत तसेच पलटणींना शिपाईही पुरवीत. एका घरातील थोरला साच्यावर आणि धाकटा पलटणीत, आणि दोघांच्या मनिऑर्डरी एकाच आईला, असे घर कल्पनेने रचावे लागत नाही. अशा घराचे युद्धाविषयीचे मत काय होते? अनुकूल की प्रतिकूल या दोन रकान्यांत ते बसवू गेल्यास घरच मोडावे लागेल.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएट रशियावर स्वारी केली आणि नामांतराचा प्रसंग आला. ‘साम्राज्यवादी युद्ध’ हे ‘लोकयुद्ध’ झाले. जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली, आणि पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचे नावही ‘लोकयुद्ध’ हेच होते. युद्ध तेच, गिरण्या त्याच, महागाई तर वाढलेली. तरीही विशेषण बदलताच ‘आपण’ची सीमा व्होल्गेपर्यंत पोहोचली. अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा या विस्ताराचे सर्वांत समर्थ साधन होय. परकीय नगराच्या वेढ्याला पोवाड्याचा घाट देणे ही केवळ प्रचाराची युक्ती समजणे अन्यायाचे ठरेल. पोवाडा हा प्रकारच असा आहे की, त्यातील वीर श्रोत्यांचा पूर्वज असावा लागतो. डफावर थाप पडली की ऐकणारा किल्ल्याच्या आत असतो, बाहेर नसतो. व्हाइसरॉयच्या घोषणेला जे जमले नाही ते शाहिराने केले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक उठली होती, आणि त्या हाकेतला ‘आपण’ निराळा होता. दोन्ही ‘आपण’ एकाच जिन्यावर भेटत होते. पक्षाला त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजावी लागली, हे सर्वश्रुत आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी मात्र महाराष्ट्र अमेरिकन नमुन्याच्या जवळ गेलेला दिसतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हटले गेले. येथे कर्ता पर्वत आहे. माणसाला विचारण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तरीही त्याच महिन्यात कम्युनिस्ट पुढारी दुभंगले : डांगे यांच्या बाजूने आक्रमणाचा निषेध झाला, तर रणदिवे यांच्यासारखे स्थानबद्ध झाले.

आता म्युलर यांच्या वक्ररेषेकडे पुन्हा पाहावे. कोरियाच्या बाबतीत पाठिंब्यातील मोठी घसरण एकाच वेळी झाली : नोव्हेंबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्ण बळानिशी युद्धात उतरले त्यानंतर. १९५१ च्या आरंभी सुमारे निम्मे लोक ‘चूक’ म्हणू लागले. त्यानंतर अडीच वर्षे माणसे मरत राहिली, पण मत फारसे हलले नाही. म्युलर ही घट हताहतांच्या हिशेबात बसवितात. आमच्या मते, दक्षिण कोरियाच्या मदतीला गेलेले ‘आपण’ आणि चीनशी लढणारे ‘आपण’ हे एकच आहेत काय, हा प्रश्न अमेरिकन मतदारापुढे त्या हिवाळ्यात प्रथमच आला. आणि ज्यांना त्याचे उत्तर नकारार्थी द्यावयाचे होते त्यांनी ते तेव्हाच देऊन टाकले.